दुसऱ्या गाडीचे शॉकप

मागचे शॉकप बदलणं हे गॅरेजातलं पोरकाम समजतात. वर दोन नट, खाली दोन बोल्ट. नवा हेल्पर आला की पाने ओळखायला शिकवायचं आणि पहिलं काम हेच हातात द्यायचं. गाडी ज्या मॉडेलची, शॉकपही त्याच मॉडेलचा असेल तर त्यात सांगण्यासारखं काही नसतंच. पण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना तसा नको असतो. त्यांना ‘त्याच्यापेक्षा कडक’ हवा असतो, आणि तो कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचा असतो.

त्याला कारण आहे. माझं गॅरेज पलसाण्याला. मुंबई-दिल्लीचा ४८ नंबरचा हायवे आणि हजिऱ्याहून निघून बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत धुळ्याकडे जाणारा ५३ नंबरचा, हे दोन्ही इथं एकमेकांना कापतात. आमचे जुने लोक दुसऱ्याला अजून सहा नंबरच म्हणतात. आजूबाजूला कडोदरा, जोळवा, तांतीथैया. सगळीकडे डाइंग-प्रिंटिंगच्या मिला आणि लूमचे शेड. मिलांकडे कोळशाचे ट्रक, उसाच्या हंगामात चलथाण आणि बारडोलीच्या कारखान्यांकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्या. या सगळ्यांच्या मधून वाट काढत कापडाचे गठ्ठे बांधलेल्या मोटारसायकली. साडी मिलमधून निघाली की थेट दुकानात जात नाही. कुणाकडे लेस लागते, कुणाच्या घरी बायका टिकल्या चिकटवतात, कुठं घडी-पॅकिंग होतं. या घराघरांतली ने-आण टेम्पोला परवडत नाही, गल्लीत तो शिरतही नाही. म्हणून ती शंभर सीसीच्या गाडीवर होते. दोन माणसांसाठी बनवलेली गाडी इथं छोटा हत्ती म्हणून राबते.

मी धुळ्याच्या आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकलो आणि इकडच्या हजारो खानदेशी लोकांसारखा ताप्ती लाइनच्या गाडीनं सुरतेला आलो. आधी काही वर्षं मिलमध्ये स्टेंटर मशीनवर फिटर होतो. बेअरिंग, शाफ्ट, बुश यांची सवय तिथली. मोजल्याशिवाय काही बसवायचं नाही ही सवयसुद्धा तिथलीच. मिलमध्ये एक शाफ्ट वाकडा बसला तर अख्खी पाळी उभी राहते आणि मुकादम आधी फिटरला शोधतो.

नानांची गोष्ट पावसाळ्यातली. साक्रीकडचे, माझ्याहून थोडे मोठे. साड्यांचे गठ्ठे वाहतात. गाडी स्प्लेंडर, बरीच वर्षं चाललेली. ‘भाऊ, गाडी पार बसी गयी,’ म्हणाले, आणि गाडीला बांधलेलं एक पोतं काढून माझ्यापुढं ठेवलं. पोत्यात शॉकपचा जोड होता. दीडशे सीसीच्या एका गाडीचा, वर गॅसची डबी असलेला. जुन्या पार्टच्या दुकानातून आणलेला. दुकानदारानं सांगितलं होतं, बोल्ट टु बोल्ट बसतील.

आधी मी त्यांचे जुने पाहिले. नळीवर तेल आणि धुळीचा काळा चिखल जमला होता, म्हणजे सील गेलेलं. मागची सीट दोन्ही हातांनी दाबून सोडली. चांगला शॉकप असेल तर गाडी एकदा वर येते आणि थांबते. ही वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, डोलतच राहिली. स्प्रिंग होती, तिला आवरणारं तेल उरलं नव्हतं. यात कंपनीचा दोष काही नाही. जो भार आणि जेवढी वर्षं त्या शॉकपनं काढली, तेवढी कुणी काढणार नाही.

शॉकपमध्ये दोन वेगळी कामं चालतात, आणि गिऱ्हाईक नेहमी त्यातलं एकच ओळखतं. स्प्रिंग वजन पेलते. आतल्या नळीतलं तेल बारीक छिद्रांतून जाता-येता तिचं उसळणं खाऊन टाकतं. गाडी बसली की लोक म्हणतात स्प्रिंग नरम झाली, कडक टाका. नव्वद टक्के वेळा गेलेलं असतं तेल. स्प्रिंग कडक केली आणि तेल तिला पुरेसं नसलं तर गाडी बसत नाही, उडते. कोरड्या रस्त्यावर ते कळत नाही. ओल्या रस्त्यावर, वळणावर, मागचं चाक खड्ड्यावरून उडालेलं असताना कळतं.

नानांच्या पोत्यातला जोड मी टेबलावर ठेवला आणि वरच्या होलच्या मध्यापासून खालच्या होलच्या मध्यापर्यंत मोजला. जुन्यापेक्षा १४ मिलिमीटर जास्त भरला. आता १४ मिलिमीटर म्हणजे बोटाची जाडी. त्यानं काय होतं, असं नानांनी विचारलंच. होतं ते असं. मागचा भाग तेवढा उचलला जातो, गाडी पुढं झुकते, पुढच्या फोर्कचा तिरपेपणा कमी होतो. हॅंडल हलकं वाटायला लागतं, वेगात थोडं चंचल. चेनचा चिमट्याशी, म्हणजे स्विंगआर्मशी, कोन बदलतो. साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, आणि वर गठ्ठे असतील तर ती पडते. पण सगळ्यात पहिली तक्रार येते ती मेन स्टँडची: स्टँडची उंची तीच, चाक खाली आलेलं, त्यामुळे मेन स्टँडवरही मागचं चाक जमिनीला टेकतं. पंक्चरवाला शिव्या घालतो तेव्हा मालकाला समजतं की शॉकप लांब आहे.

मग तारेची जाडी. हे मी व्हर्नियरनं मोजून दाखवलं की लोक हसतात, एवढासा फरक म्हणून. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. गुंडाळीचा घेर आणि आटे तेच ठेवले आणि ७ मिलिमीटरच्या जागी ८ ची तार घेतली, तर एक मिलिमीटरमध्ये कडकपणा १.७ पट होतो. उलट घेर वाढला की तो घनानं कमी होतो. म्हणून स्प्रिंग नुसती जाड दिसली म्हणून कडक आणि बारीक दिसली म्हणून नरम, असं डोळ्यानं ठरवता येत नाही. नानांनी आणलेल्या जोडाची तार जाड, घेर जवळपास तेवढाच. रिकाम्या गाडीवर ती स्प्रिंग हललीच नसती.

‘रिकामी कोण चालवतो भाऊ?’ नाना म्हणाले.

हा खरा प्रश्न होता. सहा दिवस माल. पण परत येताना गाडी रिकामी. रविवारी वहिनींना घेऊन बाजार. आणि श्रावणात कानबाईच्या सणाला गावी जायचं होतं, वहिनी आणि धाकटा मुलगा मागं बसवून. सगळ्या वजनांना एकच शॉकप पुरवायचा होता.

कडक स्प्रिंग बसवली म्हणजे धक्का नाहीसा होत नाही, हे मला या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं. खड्डा तेवढाच असतो. शॉकपनं खाल्ला नाही तर तो वरच्या स्टडला जातो, तिथून चासीच्या पाइपाला, चाकाच्या आऱ्यांना, कॅरिअरच्या वेल्डिंगला, आणि शेवटी मालकाच्या कमरेला. गठ्ठे वाहणाऱ्यांच्या गाड्या उघडल्या की ते दिसतं: शॉकप ठणठणीत, आणि त्याच्या वरचा ब्रॅकेट तडकलेला. कमरेची तडक आम्हाला दिसत नाही, एवढंच.

गॅसच्या डबीचं आकर्षण मी समजू शकतो. डबीत नायट्रोजन असतो, दाबाखाली. त्याचं काम गाडी कडक करणं नाही. शॉकप सतत खालीवर होतो तेव्हा तेलात हवा मिसळून फेस होतो, आणि फेस झालेलं तेल काही आवरत नाही; नायट्रोजनचा दाब तो फेस होऊ देत नाही. लांबच्या, खराब रस्त्यावर याचा फायदा खरा आहे. पण जुन्या जोडातला गॅस टिकून आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. मी नानांच्या जोडातल्या एकाची स्प्रिंग काढली आणि तो उभा धरून दट्ट्या दाबला. सुरुवातीचं बोटभर अंतर तो काहीच विरोध न करता आत गेला, मग लागला. रॉडवर गंजाचे बारीक ठिपके. म्हणजे पैसे गेले होते ते डबीच्या रंगाचे. जाता जाता एक सांगतो, अशी डबी कुणी ग्राइंडरनं कापू नये आणि गॅसवर तापवू नये. भंगारात टाकायच्या आधी ती खोलून बघण्याचा मोह पोरांना होतो.

नाना नाराज झाले. मी म्हटलं, नाना, शॉकप नंतर बघू, आधी माल कसा बांधता ते दाखवा. ते समोरच्या शेडमधून गठ्ठे घेऊन आले आणि नेहमीसारखे बांधले. सगळा ढीग सीटच्या मागं, कॅरिअरवर. पुढच्या अर्ध्या सीटवर काही नाही. का, तर पाठीला गठ्ठा टेकला की उन्हाळ्यात शर्ट चिकटतो.

मी फरशीवर खडूनं दोन चाकं काढली. स्प्लेंडरच्या दोन चाकांतलं अंतर १२३६ मिलिमीटर. नानांचा माल साधारण ८० किलो धरू, आणि त्याचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या मागं वीतभर, म्हणजे २०० मिलिमीटर. मग मागच्या चाकावर ८० किलो येत नाहीत. ९३ येतात. वरचे १३ कुठून आले? पुढच्या चाकावरून उचलले. म्हणजे मागचे शॉकप मोडायचे आणि पुढचा ब्रेक लावला की चाक घसरायचं, दोन्ही एकाच गाठीत. हाच ढीग अ‍ॅक्सलच्या १०० मिलिमीटर पुढं, सीटवर घेतला, तर मागं येतात ७३ ते ७४ किलो आणि उरलेले पुढं. शॉकपला हात न लावता मागचा भार जवळजवळ वीस किलोनं उतरला. हे गणित शाळेतल्या तरफेचं आहे. मिलमध्ये रोल उचलताना रोज वापरायचो.

नानांनी खडूकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, ‘आन् पाठ?’ पाठीसाठी मी गठ्ठ्यापुढं एक पातळ फोमची पट्टी बांधायला सांगितली. ती त्यांनी अजूनही बांधलेली नाही, पण ढीग पुढं घेतला.

शॉकप तरीही बदलायचे होतेच. मूळचेच टाका असं मी म्हणालो नाही, कारण नानांचा रोजचा भार मूळ हिशेबापेक्षा जास्त आहे हे खरंच होतं. त्यांच्यासाठी मी १२५ सीसीच्या एका गाडीचा जोड निवडला. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. वाचून कुणी दुकानात जाऊन तेच मागेल, आणि लोकल मालात एकाच नावाचे दोन जोड सारखे निघत नाहीत. टेप घेऊन जावं आणि मोजून घ्यावं. हा जोड लांबीला तीन-चार मिलिमीटर जास्त, तार थोडी जाड, रिंगचे पाच टप्पे. नवा, तेलाचा, डबी नसलेला. फक्त वरचं होल आमच्या स्टडला मोठं होत होतं आणि बुशची रुंदी कमी.

अशा वेळी गॅरेजात सर्रास जे करतात ते म्हणजे वायसरांची थप्पी. चार वायसर आत, दोन बाहेर, डोमनट आवळला, झालं. मी ते करत नाही. होलात चाळ राहिली की रोजच्या हजार ठोक्यांनी स्टडचे आटे घासतात. आणि थप्पीनं शॉकप जेवढा बाहेर सरकतो तेवढा स्टडवरचा वाकवणारा जोर वाढतो. स्टड चासीला वेल्ड केलेला असतो, तो तुटला की काम शॉकपचं राहत नाही, चासीचं होतं. आणि चासीला मी वेल्डिंगचा ठिपकाही लावत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाप्रमाणे फेरफार करू देत नाही ते एक; आणि तापलेल्या पाइपाची ताकद कुठं कमी झाली ते डोळ्याला दिसत नाही, ते दुसरं. पोरं येतात, दोन शॉकप काढून मधोमध एकच मोनोशॉक बसवून द्या म्हणतात. युनिकॉर्न २००४ ला आली, एफझी २००८ ला, तेव्हापासून हे खूळ आहे. त्या गाड्यांची चासीच त्या एका शॉकपसाठी बनवलेली असते. मी त्यांना चहा पाजून परत पाठवतो.

बुशसाठी लेथवाल्या काकांकडे गेलो. ते सुरती, मिलांचे रोलर आणि शाफ्ट करतात. माझी असली बारकी कामं जेवणाच्या सुट्टीत घेतात. मी स्टडचं माप आणि होलचं माप कागदावर दिलं. ते कागद बाजूला ठेवून स्टडवरचा जुना बुश आणि शॉकपचं होल दोन्ही प्रत्यक्ष मागतात. ‘थई जाहे,’ म्हणाले आणि सळईचा तुकडा चकात धरला. बाहेरून हळूहळू कमी करत आणलं, मधूनमधून शॉकपच्या होलात घालून बघितलं. शेवटचा कट इतका बारीक घेतला की कीस निघतो की धूळ ते कळेना. नळी होलात अंगठ्यानं दाबून गेली, आणि उलटी केली तर पडली नाही. रुंदीला त्यांनी ती अशी ठेवली की नट आवळल्यावर दाब नळीवर यावा, रबरावर नाही. रबर आवळलं गेलं तर ते फिरत नाही, पिळतं, आणि चार महिन्यांत त्याचा चुरा होतो. कडा त्यांनी कानसीनं मारल्या. सांगावं लागलं नाही.

बसवण्याआधी दोन्ही शॉकप उभे धरून आठ-दहा वेळा दाबून सोडले. दुकानात आडवे पडलेल्या शॉकपच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते. पहिले काही दाब पोकळ लागतात, मग तेल भरतं. नव्या शॉकपच्या पहिल्या दिवसाच्या कितीतरी तक्रारी एवढ्यानं मिटतात. हे दोन नळ्यांचे शॉकप उलटेही बसवू नयेत. दिसायला छान म्हणून कुणी उलटे लावतं आणि मग तेलाऐवजी हवाच दाबत बसतं.

नानांचे जुने बुश स्टडवर गंजून एकजीव झाले होते. रात्रभर डिझेल सोडून ठेवलं. सकाळी रबरी हातोडीनं आजूबाजूनं ठोकले तेव्हा एक करकरत सुटला, दुसऱ्यासाठी पुलर लावावा लागला. स्टड वायर ब्रशनं घासून तेलाचा हात दिला. मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवत सरकवत होलं समोर आणली आणि बोल्ट हातानं आत गेला. तो हातोडीनं घालावा लागला असता तर काहीतरी चुकलेलं आहे असं मी समजतो. चेन कव्हर आणि स्प्रिंग यांच्यात बोट जाईल एवढी जागा राहिली. दुसऱ्या बाजूला सायलेन्सरपाशीही तेवढीच.

मग मोजमाप. अ‍ॅक्सलपासून मागच्या पॅनलवरच्या खुणेपर्यंत: चाक अधांतरी असताना, गाडी रिकामी उभी असताना, नाना बसल्यावर, नाना आणि माल दोन्ही असताना. मालासकट शॉकपचा निम्म्याहून जास्त प्रवास आधीच संपलेला नसावा, नाहीतर खड्ड्याला काही उरत नाही. रिंग चार नंबरवर ठेवली. नाना म्हणाले, पाचवर टाका, कडक होईल. इथं पुन्हा तीच गैरसमजूत. रिंग फिरवून स्प्रिंग कडक होत नाही. तार तीच, आटे तेच; पुढच्या प्रत्येक सेंटीमीटरला लागणारं वजनही तेवढंच. रिंग फक्त स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवते, त्यामुळे गाडी भाराखाली कमी बसते, उंच राहते. भार असेल तर रिंग वर, नसेल तर खाली. हूक-पाना नानांनाच देऊन दोनदा फिरवायला लावली. गावी जाताना दोन नंबर, माल भरताना चार. दोन्ही बाजूंना सारखाच नंबर, हे तीनदा सांगितलं.

कानबाईला ते गेले. व्यारा, सोनगढ, मग नवापूर, जिथलं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे, पुढं विसरवाडी आणि कोंडाईबारीचा घाट. पावसानं घाटात जिथं तिथं रस्ता उखडलेला. आल्यावर मी नानांना विचारलं नाही, वहिनींना विचारलं. मागं बसणाऱ्याला शॉकप जास्त कळतो. त्या म्हणाल्या, आधी खड्डा गेल्यावर गाडी डोलायची आणि पोरगं घाबरायचं, ते बंद झालं. पण धक्का आधीपेक्षा थोडा कोरडा लागतो. बरोबर सांगितलं त्यांनी. माल नसलेल्या गाडीला ही स्प्रिंग थोडी जास्तच आहे. एवढी तडजोड ठरवूनच केली होती.

नाना मात्र मालाच्या बाजूनं खूश. इतके, की पुढच्या वेळी आले तेव्हा ढिगावर दोन गठ्ठे जास्त होते. ‘आते बसत नाही ना,’ म्हणाले. गठ्ठ्यामागे पैसे मिळतात, त्यांचं चूक कसं म्हणू? पण शॉकप बसला नाही तरी टायर तेवढंच राहिलं, आरे तेच राहिले, आणि मागचा ब्रेक तोच १३० मिलिमीटरचा ड्रम राहिला. मी ब्रेकशू काढून दाखवले. एका बाजूनं चमकत होते, काचेसारखे गुळगुळीत. ते बदलले, आरे एकेक वाजवून पाहिले, दोन ढिले निघाले. वरचे दोन गठ्ठे सोडून शेडमध्ये परत पाठवले. नाना कुरकुरले, पण पैसे देताना म्हणाले की त्यांच्याबरोबरचा एक ओडिया पोरगा आहे, त्यालाही असाच जोड हवाय, कितला पैसा लागतीन?

गाडी कुठली, मी विचारलं. त्यांना नीट माहीत नव्हतं. म्हटलं, पैशाचं नंतर. त्याला सांगा, काही विकत घेऊ नको, आणि गाडी रिकामी आणू नको. रोज बांधतो तसा माल बांधून आण.